राज्याभिषेकाची तारीख संगणक का नाकारतो?

१/ एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये 'डेटटाइम' प्रकारचा रकाना करून त्यात ६ जून १६७४ ही तारीख भरली, तर ती स्वीकारली जात नाही. तारीख मर्यादेबाहेर आहे, असा संदेश येतो. १ जानेवारी १७५३ पासून पुढची कोणतीही तारीख मात्र बिनतक्रार चालते. म्हणजे या रकान्यात पानिपत मावते, रायगडावरचा राज्याभिषेक मावत नाही. या विचित्र सीमारेषेमागे पोप, ब्रिटिश संसद आणि पंचांग यांचा चारशे वर्षांचा इतिहास आहे. जुन्या कागदांची सूची संगणकावर करणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असणे आवश्यक आहे.

२/ सुरुवात रोममध्ये होते. ज्युलियन पंचांगात दर चौथे वर्ष लीप वर्ष धरले जाई. त्यामुळे वर्ष सूर्याच्या प्रत्यक्ष गतीपेक्षा किंचित लांब होत असे आणि सोळाव्या शतकापर्यंत ही चूक दहा दिवसांवर गेली होती. पोप तेरावा ग्रेगरी याने फेब्रुवारी १५८२ मध्ये सुधारणेचा आदेश काढला. त्यानुसार ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानण्यात आला. स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीतील बहुतेक राज्यांनी ही सुधारणा लगेच स्वीकारली.

३/ प्रॉटेस्टंट इंग्लंडने पोपचे पंचांग घेण्यास तब्बल १७० वर्षे लावली. अखेर लॉर्ड चेस्टरफील्ड याच्या पुढाकाराने संसदेने कायदा केला आणि २ सप्टेंबर १७५२ नंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. ब्रिटिश साम्राज्यातील पहिले पूर्ण 'नवे' वर्ष म्हणजे १७५३. सायबेस या डेटाबेसची रचना करणाऱ्यांनी या गोंधळात पडण्याचे टाळून आपली कालगणना तेथूनच सुरू केली. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर सायबेसमधूनच निघाला, त्यामुळे ती सीमा त्याच्याकडेही वारशाने आली. २००८ च्या आवृत्तीत इसवी सन १ पासून चालणारे नवे प्रकार आले, परंतु जुना 'डेटटाइम' असंख्य प्रणालींत आजही नांदत आहे.

४/ या गोंधळाचा महाराष्ट्राशी संबंध काय? शिवाजी महाराजांची सुरतेची पहिली स्वारी पाहावी. इंग्रज वखारीच्या गणनेने महाराज ६ जानेवारी १६६४ रोजी, बुधवारी, सुरतेत आले. त्याच शहरातील डच वखार ग्रेगोरियन पंचांग वापरीत असे, म्हणून तिच्या गणनेने तो दिवस १६ जानेवारी ठरतो. गोव्याचे पोर्तुगीजही ग्रेगोरियन तारीखच लिहीत. घटना एक, शहर एक, वार एक. तारखा मात्र दोन.

५/ यात वर्षाची गुंतागुंत वेगळीच आहे. इंग्लंडचे कायदेशीर वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे सुरतेच्या स्वारीचा जानेवारी इंग्रजी कागदांत १६६३ सालातच मोडतो. म्हणूनच अभ्यासक अशा तारखा '१६६३/६४' अशा जोडवर्षात लिहितात. डेटाबेसच्या तारखेच्या रकान्यात हे जोडवर्ष बसत नाही. भरणाऱ्याने '१६६३' लिहून पुढे जावे, तर स्वारी एक वर्ष मागे सरकते आणि शायिस्तेखानावरील एप्रिल १६६३ च्या छाप्याआधीच सुरत लुटली गेली, असा क्रम दिसू लागतो.

६/ आता एसक्यूएलकडे वळू. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या भाषेचा पहिला आराखडा मांडला. अमेरिकेच्या मानक संस्थेने तिचे पहिले प्रमाणित रूप १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. आश्चर्य असे, की त्या पहिल्या मानकात तारखेसाठी स्वतंत्र प्रकारच नव्हता. दिनांक, वेळ आणि टाइमस्टॅम्प हे प्रकार मानकात आले ते १९९२ मध्ये. तोवर ओरॅकलसारखी उत्पादने अनेक वर्षे बाजारात होती आणि प्रत्येकाने तारीख साठवण्याची आपापली रीत रूढ केली होती. मानक उशिरा आले, सवयी आधी पडल्या. आजची विसंगती त्या अंतरातून जन्मली आहे.

७/ प्रत्येक डेटाबेसचा काळ कोठून सुरू होतो, हे पाहणे उद्बोधक आहे. ओरॅकलच्या दस्तऐवजात प्रारंभ इसवी सनपूर्व ४७१२ असा दिलेला आहे, पोस्टग्रेएसक्यूएलच्या दस्तऐवजात तो इसवी सनपूर्व ४७१३ आहे. हे आकडे जोसेफ स्कॅलिजर या फ्रेंच विद्वानाकडून आले. त्याने १५८३ मध्ये 'ज्युलियन कालखंड' सुचवला आणि पुढे खगोलशास्त्रज्ञांनी त्याच आरंभापासून दिवसांची सलग मोजणी रूढ केली. इतिहासकार इसवी सनपूर्व १ नंतर थेट इसवी सन १ मोजतात. खगोलशास्त्रज्ञ मध्ये शून्य वर्ष धरतात, म्हणून त्यांच्या लेखी सनपूर्व ४७१३ हे 'उणे ४७१२' होते. एका शून्यामुळे एक वर्ष इकडचे तिकडे होते.

८/ युनिक्स प्रणालीचा काळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री, आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार, सुरू होतो आणि तेथून सेकंद मोजले जातात. आरंभी ही मोजणी १९७१ पासून आणि सेकंदाच्या साठाव्या भागात होती. बत्तीस बिटांचा आकडा त्या वेगाने सव्वादोन वर्षांत भरून जाई, म्हणून एकक बदलावे लागले. सेकंदांची बत्तीस बिटांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. मायएसक्यूएलचा 'टाइमस्टॅम्प' प्रकार याच दोन टोकांत अडकलेला आहे. त्यात शिवकाल तर सोडाच, संयुक्त महाराष्ट्राची चळवळही मावत नाही.

९/ एक आरंभबिंदू ठरवून तेथून सलग मोजत जाण्याची कल्पना भारतीय ज्योतिषाला नवी नाही. सिद्धान्तग्रंथांत कलियुगारंभापासून, म्हणजे इसवी सनपूर्व ३१०२ च्या फेब्रुवारीपासून, दिवस मोजले जात. या दिवससंख्येला अहर्गण म्हणतात. ही संख्या लाखांत जाई आणि गणित अवजड होई. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी 'ग्रहलाघव' या करणग्रंथात शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०, हा जवळचा आरंभ धरला आणि वर्षांची अकरा-अकराची चक्रे केली. त्यामुळे अहर्गण लहान राहिला. महाराष्ट्रातील पंचांगे पुढे कित्येक पिढ्या याच ग्रंथावरून होत राहिली. आकडा मोठा झाला की आरंभबिंदू जवळ आणावा, ही अडचण आणि तिचा हा उपाय संगणकाच्या फार आधीचे आहेत.

१०/ आरंभबिंदू हा आतल्या साठवणीचा प्रश्न झाला. लिहिण्याच्या रीतीचा प्रश्न त्याहून रोजचा आहे. भारतात आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठरवून दिला. तरीही एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या 'डेटटाइम' प्रकारात, भाषा ब्रिटिश इंग्रजी असेल, तर '१९६०-०५-०१' हा मजकूर वर्ष-दिवस-महिना असा वाचला जातो. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे ऐवजी ५ जानेवारीला होऊन बसते. कोणतीही चूक दाखवली जात नाही, कारण ५ जानेवारी हीसुद्धा वैध तारीखच आहे. मधल्या रेषा काढून '१९६००५०१' असे लिहिले, तर हा धोका टळतो.

११/ दोन अंकी वर्षाची गोष्टही अशीच. '६०' असे लिहिल्यास मायएसक्यूएल ते २०६० समजतो, कारण त्याच्या नियमानुसार ०० ते ६९ हे एकविसाव्या शतकात जातात. ओरॅकलचा रूढ नियम तेच आज १९६० समजतो. एका संस्थेची सूची एका डेटाबेसमधून दुसऱ्यात हलवताना शंभर वर्षांचा फरक निमूटपणे पडू शकतो.

१२/ एसक्यूलाइटमध्ये तर तारखेचा स्वतंत्र प्रकारच नाही. तेथे तारीख मजकूर म्हणून, ज्युलियन दिवसांक म्हणून किंवा युनिक्सचे सेकंद म्हणून साठवता येते. एकाच रकान्यात तिन्ही रूपे मिसळली, तरी तो हरकत घेत नाही. मजकूर साठवला की क्रमवारी अक्षरांप्रमाणे लागते. '०६/०६/१६७४', '१४/०१/१७६१' आणि '१९/०२/१६३०' या तीन नोंदी मजकूर म्हणून क्रमाने लावल्या, तर आधी राज्याभिषेक, मग पानिपत आणि शेवटी शिवजन्म असा इतिहास तयार होतो. वर्ष आधी लिहिले की हाच क्रम आपोआप बरोबर येतो.

१३/ संगणकातील ही विसंगती पाहून हसू येत असेल, तर मराठ्यांच्या कागदांकडे पाहावे. एकाच काळात शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, शुहूर सन, फसली सन आणि हिजरी सन चालत होते. शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो, राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा. पेशवाईतील असंख्य पत्रांत महिना आणि दिवस हिजरी, म्हणजे चांद्र, असतो. 'छ' हे अक्षर चंद्राचा दिवस दाखवते. वर्ष मात्र शुहूर सनाचे, म्हणजे सौर. एका तारखेत दोन पंचांगांचे तुकडे जोडलेले असतात.

१४/ शुहूर सनाचे वर्ष बहुधा अंकांत नसून अरबी संख्याशब्दांत असते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ या दिवशी झाली. त्या वेळचे शुहूर वर्ष 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १००, अलफ म्हणजे १०००, बेरीज ११६१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीतले, म्हणून ११६१ अधिक ६०० बरोबर १७६१. चुकून ५९९ मिळवले, तर लढाई एक वर्ष आधी जाते.

१५/ मग जुने लोक चुकत नसत काय? चुकत. परंतु त्यांच्याकडे एक उत्तम पडताळा होता: वार. सात वारांची साखळी पंचांग बदलले तरी तुटत नाही. १५८२ मध्ये रोममध्ये तारीख दहाने पुढे गेली, वार मात्र गुरुवारनंतर शुक्रवार असाच आला. तिथी, वार, नक्षत्र आणि संवत्सर एकत्र लिहिले की त्यांतील एखादा घटक चुकला तरी इतर घटक ती चूक उघडी पाडतात.

१६/ शिवजन्माच्या वादात हाच पडताळा महत्त्वाचा ठरला. बखरींच्या परंपरेतून १६२७ हे जन्मवर्ष दीर्घकाळ रूढ होते. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद मिळाली. ज्युलियन पंचांगाने हा दिवस १९ फेब्रुवारी १६३० येतो आणि तो दिवस खरोखरच शुक्रवार होता. नोंदीतील घटक परस्परांशी जुळतात, हे तिच्या बाजूचे एक सबळ प्रमाण ठरले. आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारीला शिवजयंती साजरी करते; अनेक जण ती तिथीप्रमाणेही साजरी करतात.

१७/ आता तीच १९ फेब्रुवारी १६३० पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये भरून वार विचारावा. उत्तर येते मंगळवार! पोस्टग्रेएसक्यूएल ग्रेगोरियन पंचांगच मागे अनंतापर्यंत ताणतो. ओरॅकल १५८२ पूर्वी ज्युलियन धरतो, पण १६३० साठी तोही ग्रेगोरियनच वापरतो. तेथेही मंगळवारच येतो. एखादा नवखा अभ्यासक यावरून जेधे शकावलीच चुकीची ठरवून मोकळा होईल. वस्तुतः चूक नोंदीची नाही, तारखेचे पंचांग न सांगता ती भरण्याची आहे. ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च १६३० आहे. त्याचा ज्युलियन दिवसांक २३१६४६५. त्याला ७ ने भागल्यास बाकी ४ उरते. शून्य बाकी म्हणजे सोमवार, म्हणून ४ म्हणजे शुक्रवार. शकावलीतील वार संगणकाच्या गणितानेही जुळतो.

१८/ दिवस कोठे सुरू होतो, हा शेवटचा पेच. राज्याभिषेकाचा दिवस ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, ६ जून १६७४, शनिवार म्हणून प्रसिद्ध आहे. जेधे शकावली मात्र द्वादशी, शुक्रवार सांगते आणि तीन घटिका रात्र उरली असता महाराज सिंहासनी बसल्याचे नोंदवते. तीन घटिका म्हणजे ७२ मिनिटे. भारतीय वार सूर्योदयाला बदलतो, युरोपीय तारीख मध्यरात्री. त्या पहाटे पंचांगात शुक्रवार चालू होता आणि इंग्रजांच्या गणनेत शनिवार लागला होता. सकाळी दरबारात हजर झालेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलासाठी तो ६ जूनचाच दिवस होता. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत.

१९/ हा प्रश्न फार जुन्या काळापुरता नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईत 'मुंबई वेळ' १९५० च्या दशकापर्यंत वापरात राहिली. ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. दुसऱ्या महायुद्धात तर काही काळ देशभर घड्याळे एक तास पुढे केली गेली होती. बहुतेक डेटाबेस ज्या कालक्षेत्र-सूचीवर विसंबतात, तिच्यात भारतासाठी कोलकात्याच्या नावाचे एकच क्षेत्र आहे. मुंबई वेळेला तेथे जागा नाही. १९२० सालच्या मुंबईतील एखाद्या सभेची वेळ 'सायंकाळी ६' अशी मिळाली, तर कोणत्या घड्याळाचे ६, हे मूळ कागद पाहूनच ठरवावे लागते.

२०/ आज मोडी कागदांचे अंकीकरण ठिकठिकाणी चालू आहे. एकट्या पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदांची संख्या पाहता, उद्याचा अभ्यासक प्रत्येक रुमाल सोडून पाहणार नाही. तो तारखेने शोध घेईल. त्या शोधात चुकीच्या तारखेचा कागद सापडणारच नाही. तो रुमालात सुरक्षित असेल, पण अभ्यासासाठी नाहीसा झालेला असेल. कागद फाटला तर दिसतो, चुकलेली तारीख दिसत नाही.

२१/ म्हणून सूची करणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. मूळ तारीख कागदात जशी आहे तशीच एका मजकुराच्या रकान्यात ठेवावी. ती कोणत्या सनाची, कोणत्या पंचांगाची, हे दुसऱ्या रकान्यात लिहावे. वार दिला असेल, तर तो स्वतंत्र नोंदवावा. रूपांतरित तारीख वेगळी ठेवून ती ज्युलियन की ग्रेगोरियन, हे स्पष्ट करावे. शक्य तेथे ज्युलियन दिवसांकही द्यावा. फक्त वर्ष माहीत असेल, तर रकाना भरण्यासाठी '१ जानेवारी' लिहू नये, अन्यथा निम्मा इतिहास १ जानेवारीला घडलेला दिसेल. त्याऐवजी 'या दिवसापासून' आणि 'या दिवसापर्यंत' असे दोन रकाने करावेत.

२२/ शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह १८९६ मध्ये भारतीय पंचांगांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो शिलालेख आणि ताम्रपट यांच्या तारखा पडताळण्याची सोय व्हावी म्हणून. त्यांच्या कोष्टकांचे गणित आता क्षणात होते. कोणते कोष्टक लावायचे, हा निर्णय मात्र अजूनही कागद वाचणाऱ्यालाच घ्यावा लागतो.